टर्बोची दुरुस्ती की नवा टर्बो?

एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा भरणारा टर्बो 'गेला' असे मेकॅनिकने सांगितले की दुरुस्ती आणि बदल हे दोनच पर्याय समोर दिसतात. परंतु 'दुरुस्ती' या एका शब्दाखाली गॅरेजमध्ये तीन निरनिराळी कामे खपतात आणि मालकाची फसगत बहुधा तिथेच होते.

पहिले काम साफसफाईचे. अनेक डिझेल गाड्यांच्या टर्बोमध्ये एक्झॉस्टच्या वाटेवर हलती पाती असतात. पश्चिम द्रुतगती महामार्गावरच्या कोंडीत रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणाऱ्या गाडीत त्यांच्यावर काजळी साचते, पाती अडकतात आणि पिकअप जातो. शाफ्ट, बेअरिंग आणि पंखे ठणठणीत असतील, तर अशा वेळी नवा टर्बो घेणे हा निव्वळ अपव्यय होय. इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा, फुटलेला होज किंवा व्हॅक्यूमची चिरलेली नळीही हुबेहूब हेच लक्षण दाखवते, म्हणून टर्बो उतरवण्याआधी त्या तपासाव्यात.

दुसरे काम कोअर, म्हणजे शाफ्ट, पंखे आणि बेअरिंगचा मधला भाग, बदलण्याचे. हा शाफ्ट मिनिटाला 1 लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. खंडाळ्याचा घाट ताणून चढल्यावर इंजिन तत्काळ बंद केले, तर तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या टर्बोतले तेल जळून त्याचा कडक थर बसतो. हे वारंवार घडले की बेअरिंग झिजते. उतरवलेल्या टर्बोचा शाफ्ट हाताने किंचित आडवा हलला म्हणून घाबरू नये, कारण तेल नसताना तेवढी ढील अपेक्षितच असते. तो पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल किंवा पंख्याची कड घासली असेल, तर मात्र बेअरिंग संपले असे समजावे. अशा वेळी दोन्ही बाजूंची हाऊसिंग, म्हणजे बाहेरची कवचे, शाबूत असली, तर मशीनवर बॅलन्स केलेला कोअर बसवणे हाच शहाणपणाचा मध्यममार्ग आहे, आणि बॅलन्सिंगचा रिपोर्ट मागून घेण्यात संकोच कशाला?

तिसरे काम, जुनाच शाफ्ट ठेवून बॅलन्सिंगशिवाय केवळ बेअरिंगचे किट घालणे. ते सर्वांत स्वस्त असते, पण मी ते कोणालाही सुचवणार नाही.

टर्बाइनच्या, म्हणजे एक्झॉस्टकडच्या, हाऊसिंगला आरपार तडा गेला असेल किंवा ते आतून खोल खरवडले गेले असेल, तर पूर्ण टर्बो बदलण्याला पर्याय उरत नाही. हवा दाबणाऱ्या बाजूच्या पंख्याचे पाते तुटले असल्यास त्याचे तुकडे इंटरकूलरमध्ये आणि इनटेकच्या वाटेत शोधलेच पाहिजेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळणारा जुना टर्बो मी 'बदल' या सदरात धरत नाही, कारण तो आधीच्या गाडीतून का उतरला हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कोअर असो वा नवा टर्बो, तो कशामुळे गेला हे न शोधता बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो. तेलाची फीड पाइप बदलावी, परतीची नळी मोकळी आहे ना ते पाहावे, तेल आणि फिल्टर नवे घालावेत आणि इंटरकूलरमध्ये साचलेले तेल काढावे, कारण डिझेल इंजिन तेच तेल ओढून चावी बंद केल्यावरही बेफाम धावत राहू शकते. पहिल्यांदा स्टार्ट करण्यापूर्वी टर्बोला फीड पाइप जिथे जोडतात त्या तेलाच्या छिद्रात तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवून घ्यावा.