आमच्याकडे तर कुणीच आले नाही!

नेरूळमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, मागील इतिवृत्त मंजूर झाल्यावर आणि चहा येण्यापूर्वी, वर्तमानपत्रातील एका बातमीवरून वाद निघाला. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीनुसार देशाच्या शहरी भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये आणि ग्रामीण भागात ४,१२२ रुपये होता, अशी ती बातमी होती. तिसऱ्या मजल्यावरील एका ज्येष्ठ सभासदांनी अंक घडी करून टेबलावर आपटला आणि म्हणाले, "तेहेतीस वर्षे मी नवी मुंबईत राहतो आहे. आमच्याकडे तर कुणीच विचारायला आले नाही. मग हे आकडे येतात कुठून?" संख्याशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेल्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात चहा आला आणि उत्तर राहून गेले, ते येथे देतो.

या पाहणीत देशभरातील सुमारे २ लाख ६२ हजार कुटुंबांकडून माहिती घेतली गेली. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २४ कोटी ६७ लाख कुटुंबे होती आणि त्यानंतर ती वाढलीच आहेत. म्हणजे एखाद्या घराची निवड होण्याची शक्यता ढोबळ मानाने हजारात एक आहे. अशी पाहणी दर पाच वर्षांनी झाली, तर एका घराची पाळी सरासरीने पाच हजार वर्षांतून एकदा येईल. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापनाच १९७० सालची आहे, त्यामुळे तेहेतीस वर्षांत कुणी आले नाही हे नियमाला धरूनच झाले.

मात्र शंकेचा खरा काटा वेगळ्या ठिकाणी आहे. हजारातील एका घरावरून नऊशे नव्याण्णव घरांविषयी बोलण्याचा अधिकार पाहणी करणाऱ्याला कोणी दिला? हजार पानांच्या लग्नाचे पातेले असो की चौघांचा कुकर, आचारी दोनच शिते चिमटीत धरून पाहतो. पातेले मोठे म्हणून तो शितांची मूठ काढत नाही. गणितही तेच सांगते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निव्वळ यदृच्छेने १,००० माणसे निवडली, तर एखाद्या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्यांच्या टक्केवारीतील चूक शंभरातील पंचाण्णव वेळा साधारण तीन टक्क्यांच्या आत राहते, आणि ती माणसे एकट्या नेरूळमधील आहेत की सबंध महाराष्ट्रातील, याने त्या तीन टक्क्यांत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. चूक निम्मी करायची असेल तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो, कारण ती नमुन्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते.

भाताची म्हण खरी ठरते ती पातेले सारखे शिजलेले असते म्हणून. आपली वस्ती तशी नसते. सिडकोने घरे बांधताना उत्पन्नगटांनुसार त्यांचे प्रकार पाडले. एका गल्लीत अल्प उत्पन्न गटाची घरे, पलीकडे मध्यम गटाच्या इमारती, त्यापुढे जुने गावठाण आणि रुळांच्या पलीकडे झोपडपट्टी, अशी मांडणी असल्यामुळे शेजारी शेजाऱ्यासारखाच निघतो. पाहणीची सोय म्हणून शहरात आधी काही खंड निवडतात आणि प्रत्येक खंडातून १८ घरे घेतात. शेजाऱ्यांमधील साम्याचा गुणांक समजा ०.१ धरला, तर चुकीचा वर्ग १ + १७ × ०.१, म्हणजे २.७ पट होतो. १०० खंडांतील १,८०० घरांची माहिती प्रत्यक्षात स्वतंत्रपणे निवडलेल्या जेमतेम ६६७ घरांच्या तोलाची ठरते. म्हणून जाणकार आधी विचारतो की घरे किती खंडांतून आली, आणि घरांची एकूण संख्या नंतर पाहतो.

येथवर ज्या चुकीविषयी बोललो ती निदान नमुना वाढवला की कमी होते. माझे प्रेम मात्र दुसऱ्या जातीच्या चुकीवर आहे, जी नमुना कितीही वाढवला तरी ढिम्म हलत नाही. ती समजण्यासाठी आधी पुण्याला आणि मग मुरबाडच्या शेतात जावे लागेल.

पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून उभी राहिली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी १९३६-३७ मध्ये पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. अर्थशास्त्र म्हणजे खुर्चीत बसून केलेला तर्क, असे मानण्याच्या काळात घरोघर तक्ते घेऊन हिंडणारे तपासनीस तयार करण्याचे श्रेय या संस्थेला आहे. पुढे तेथेच वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दरडोई रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढ्या खर्चाच्या आधारे देशातील दारिद्र्याचा प्रसिद्ध अभ्यास मांडला. त्यासाठी वापरलेली आकडेवारी होती राष्ट्रीय नमुना पाहणीची, जी संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० साली सुरू झाली होती.

दांडेकरांची १९७६ सालची दुसरी एक मांडणी मला अधिक जवळची वाटते. प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन नुकसान मोजणे अशक्य आहे, तेव्हा पीक विमा क्षेत्र हे एकक धरून द्यावा, असे त्यांनी सुचवले. त्या क्षेत्राचे सरासरी उत्पादन ठरलेल्या उंबरठ्याखाली गेले, तर तेथील सर्व विमाधारकांना भरपाई मिळावी. १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना आणि २०१६ पासूनची प्रधानमंत्री पीक विमा योजना याच पायावर उभ्या आहेत. आता अशा क्षेत्राची, म्हणजे काही गावांच्या महसूल मंडळाची, सरासरी काढायची, तर पुन्हा नमुनाच घ्यावा लागतो. त्यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात.

दिवाळीच्या सुमारास मुरबाड तालुक्यात एका परिचितांच्या शेतावर असा प्रयोग मी पाहिला. शेत आणि शेतातील जागा आधीच यादृच्छिक अंकांवरून ठरलेली असते. कोपऱ्यापासून ठरावीक पावले मोजून खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, आतले भात विळ्याने कापले, ताडपत्रीवर झोडले आणि दाणे वजनकाट्यावर टाकले. सगळे व्यवस्थित चालले होते. मात्र सुतळी एका भरघोस चुडावरून, म्हणजे भाताच्या रोपांच्या झुबक्यावरून, गेली, तेव्हा कापणाऱ्याने क्षणभर पाहिले, "हा आतलाच" असे म्हटले आणि चूड मुठीत घेतला. बुंधा सुतळीच्या आत असेल तरच चूड आतला, हा नियम त्याला माहीत होता, तो लबाड नव्हता. उभे पीक सोडून देणे हाताला जड जाते, एवढेच.

त्या एका मुठीने काय होते ते पाहू. समजा, प्रयोगासाठी २ फूट त्रिज्येचे वर्तुळ घेतले आणि कडेने फक्त ३ इंचांची पट्टी चुकून आत आली. त्रिज्या २.२५ फूट झाली, क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढते, म्हणून उत्पादन साडेसव्वीस टक्क्यांनी फुगले. आता ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद असा आयत घ्या आणि चारही कडांना तीच ३ इंचांची चूक करा. वाढ साडेचार टक्क्यांच्या आसपास राहते. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त, आणि चूक होते ती कडेवरच. शिवाय ती नेहमी एकाच दिशेला होते. असे दहा हजार प्रयोग केले, तर दहा हजार फुगीर आकड्यांची अतिशय स्थिर आणि अतिशय फुगीर सरासरी मिळेल.

हे प्रथम ठासून सांगणारा माणूस साताऱ्याकडील बुध गावचा होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४६ च्या सुमारास, कृषी संशोधन परिषदेत असताना, लहान तुकड्यांमुळे उत्पादनाचे अंदाज फुगतात हे प्रयोगांती दाखवले. महालनोबिस यांचा भर छोट्या, वर्तुळाकार तुकड्यांवर होता, कारण ते स्वस्त पडतात आणि तेवढ्याच वेळात अधिक ठिकाणी घेता येतात. महालनोबिसांना पहिल्या जातीची चूक मारायची होती, सुखात्म्यांना दुसऱ्या जातीची. दोघेही गणिती म्हणून थोर होते, पण बांधावरच्या माणसाचा हात सुखात्म्यांना अधिक कळला होता, असे माझे मत आहे.

विम्यात याचा परिणाम सरळ पैशांत होतो. उंबरठा उत्पादन २० क्विंटल असून प्रत्यक्षात १६ क्विंटल पिकले, तर घट २० टक्के आणि भरपाईही विमा रकमेच्या २० टक्के. मोजणी ५ टक्क्यांनी फुगली, तर १६ चे १६.८ होतात आणि भरपाई १६ टक्क्यांवर येते. छोट्या वर्तुळाची चूक झाली, तर १६ चे सव्वावीस होतात आणि भरपाई शून्य. येथे चाणाक्ष वाचक हरकत घेईल की उंबरठाही मागील वर्षांच्या अशाच प्रयोगांवरून ठरतो, त्यामुळे दोन्हीकडची फूग एकमेकींना छेदून जाईल. हरकत बरोबर आहे. फूग दरवर्षी सारखीच असेल तर टक्केवारी बिघडत नाही. ती बिघडते एखाद्या वर्षी माणसे, पद्धत किंवा तुकड्याचा आकार बदलला म्हणजे, आणि देशाचे एकूण धान्य मोजताना तर ती छेदली जाण्याचा प्रश्नच येत नाही.

त्याच शेतावर यंदाच्या नक्षत्राचे वाहन कोणते होते आणि त्यामुळे पाऊस कसा झाला, याचीही चर्चा ऐकली. बेडूक आला म्हणजे भरपूर पाऊस, हे ज्या वर्षी खरे ठरते तेवढेच वर्ष लक्षात राहते. कडेवरचा भरघोस चूड आत ओढण्याचाच हा प्रकार आहे. शहरी मंडळींनी हसू नये, कारण दूरचित्रवाणीवर लाखो प्रेक्षकांनी मोबाईलवरून दिलेल्या कौलाला आपण 'देशाचा कौल' म्हणतो, तेव्हा स्वतःहून उडी मारून पातेल्याबाहेर आलेली शितेच तपासत असतो.

आता पुन्हा आमच्या सोसायटीकडे येतो. समजा, १०० कुटुंबांपैकी १० जणांचा दरडोई खर्च ३०,००० रुपये आणि ९० जणांचा ५,००० रुपये आहे. खरी सरासरी ७,५०० रुपये झाली. दहा श्रीमंतांपैकी पाच जणांनी दार उघडले नाही, तर सरासरी ६,३१६ वर येते, आणि नमुना शंभरपट केला तरी ती तेथेच राहते. मुरबाडला कडेबाहेरचे आत आले, येथे कुंपणाआतले बाहेर राहिले. २०२२-२३ पासूनच्या पाहणीत शहरी घरांचे थर खासगी मोटारीवरून पाडले गेले, दहा लाखांवरील मोटार असलेल्यांचा थर वेगळा. श्रीमंत घरे यादीत यावीत ही त्यामागची खटपट. पण यादीत नाव येणे वेगळे आणि फाटकातून आत जाता येणे वेगळे.

सभेनंतर मी पहारेकऱ्याकडील अभ्यागतांची जुनी वही चाळली. त्या पाहणीच्या काळातील एका पानावर, 'कोणाकडे' या रकान्यात, नेहमीच्या सदनिका क्रमांकाऐवजी निळ्या शाईत '१८ घरे' असे लिहिलेले होते. येण्याची वेळ ११.१०. कारण : सरकारी पाहणी. जाण्याची वेळ ११.१५, आणि शेऱ्यात पहारेकऱ्याच्या अक्षरात 'सेक्रेटरी नाही, परत पाठवला'.