खुर्ची कोणाची? सरकारी बांधकाम कंत्राटांतील वादांची पार्श्वभूमी

सरकारी बांधकामाच्या कंत्राटांत लवादाचे कलम, म्हणजे वाद कोर्टाऐवजी करारानुसार नेमलेल्या व्यक्तीकडे निवाड्यासाठी सोपवण्याची तरतूद, ठेवावे की काढावे, यावर सध्या चर्चा चालू आहे. तिला २०२४ मधल्या दोन घटनांचे निमित्त आहे. जूनमध्ये केंद्राने आपल्या खात्यांना आणि सार्वजनिक उपक्रमांना कळवले की, कंत्राटांत लवादाची तरतूद सरसकट घालू नका. घातलीच तर सर्वसाधारणपणे दहा कोटी रुपयांपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरती ठेवा. पुढे ८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की, लवाद एकतर्फी नेमण्याचा अधिकार सरकारी पक्षाने स्वतःकडे ठेवणे समानतेच्या तत्त्वात बसत नाही. विषय दोन दिसतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच जुना प्रश्न आहे. काम देणारा आणि काम करणारा यांच्यात बिनसले, तर निवाड्याच्या खुर्चीत बसायचे कोणी?

इंग्रजी अमदानीत सार्वजनिक कामांचे छापील टेंडर फॉर्म रुळले, तेव्हा याचे उत्तर सोपे होते. नकाशा अभियंत्याचा, मोजमाप त्याचे, बिलावर सही त्याची, आणि काम नीट झाले की नाही हेही तोच सांगणार. १८७२ चा करार कायदा होता, १८९९ चा आणि नंतर १९४० चा लवाद कायदा होता. साइटवर मात्र राज्य चालायचे ते फॉर्ममधल्या कलमांचे. ते किती कडक असायचे, हे १९५५ च्या एका निकालावरून कळते. केंद्रीय बांधकाम खात्याला अडीच कोटी पक्क्या विटा पुरवायचे कंत्राट होते. भाजून तयार झालेल्या विटा खात्याने वेळेवर उचलल्या नाहीत. भट्ट्या अडकून पडल्या, पुढचा माल भाजता येईना, आणि पावसात लाखो कच्च्या विटा वाया गेल्या. लवादाने कंत्राटदाराला भरपाई दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण पावसाने कच्च्या विटा गेल्यास खाते जबाबदार नाही, असे करारात लिहिले होते. निवाड्याच्या तारखेपर्यंतचे व्याजही नाकारले गेले. वाद चालू असतानाच्या काळाचे व्याज लवादाला देता येते, हे ठाम व्हायला १९९२ चे घटनापीठ यावे लागले. मधली सदतीस वर्षे पैसे अडवून ठेवणाऱ्याच्या सोयीची गेली.

आता त्या कलमाकडे येऊ, ज्याने या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त गोंधळ घातला. महाराष्ट्रात बांधकाम किंवा पाटबंधारे खात्याची कामे केलेल्या माणसाला बी-१ हा कंत्राटाचा छापील फॉर्म आणि त्यातले कलम ३० माहीत असते. नकाशे, तपशील आणि सूचना यांचा अर्थ, कामाचा आणि मालाचा दर्जा, आणि कंत्राटातून निघणारा इतर कोणताही प्रश्न, हक्क किंवा दावा, या सगळ्यांवर अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम आणि दोन्ही पक्षांवर बंधनकारक, असा त्याचा आशय. पुढे मुख्य अभियंत्याकडे अपिलाची सोय आली आणि त्याला दाव्यात तथ्य दिसले तर शासन पातळीवरच्या स्थायी समितीची. थोडाफार शब्दांचा फरक सोडला तर कर्नाटक, उत्तर प्रदेश, ओडिशा इथल्या फॉर्मांतही याच जातीची कलमे होती.

प्रत्यक्षात काय होते ते पाहू. पुलाच्या पायासाठी खोदकाम चालू आहे. अंदाजपत्रकात मुरूम धरलेला आहे, पण तीन मीटरवर कठीण खडक लागतो. ब्रेकर आणावा लागतो, दर बदलायला हवा. शाखा अभियंता एमबीत, म्हणजे मोजमापाच्या वहीत, मुरूमच लिहितो, कारण वाढीव दराला वरून मंजुरी नाही. कंत्राटदार हरकतीचे पत्र देतो, कार्यकारी अभियंता ते फेटाळतो, प्रकरण अधीक्षक अभियंत्यापुढे जाते. मूळ अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता बऱ्याचदा याच कार्यालयाने दिलेली असते. खडक मान्य करायचा तर आपलेच अंदाजपत्रक चुकले हे मान्य करावे लागते. अशा जागी बसलेला माणूस कितीही सज्जन असला, तरी त्याला तटस्थ कसे म्हणायचे?

कायद्यापुढचा पेच मात्र वेगळाच होता. हे कलम म्हणजे लवादाचा करार आहे, की खात्याचा अंतर्गत कारभार? लवादाचा करार मानला, तर दिवाणी कोर्टाचा रस्ता बंद होतो आणि अधीक्षक अभियंताच लवाद ठरतो. कारभाराची तरतूद मानली, तर त्याचा निर्णय हा फक्त एका पक्षाचे म्हणणे उरतो आणि कंत्राटदाराला दावा लावता येतो. लवाद नेमून मागायचा हक्क मात्र जातो. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने दोन्ही युक्तिवाद केले. कोर्टात दावा दाखल झाला की खाते म्हणायचे, हा तर लवादाचा विषय. लवादासाठी अर्ज आला की तेच खाते म्हणायचे, असा करारच नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे निकालही एका दिशेने गेले नाहीत. १९८० मध्ये उत्तर प्रदेशातल्या कलमाबद्दल ठरले की त्यात वादाचा किंवा तो सोपवण्याचा उल्लेखच नाही, अधीक्षक अभियंत्याला कामावर देखरेख करता यावी एवढाच हेतू आहे, म्हणून हा लवाद नव्हे. त्याच वर्षी मध्य प्रदेशातल्या एका खाणपट्ट्याच्या प्रकरणात, मतभेद झाल्यास पट्टा देणाऱ्याने ठरवावे आणि ते अंतिम, या कलमाला लवादाचा करार म्हटले गेले. तिथे शंका, मतभेद, वाद हे शब्द स्पष्ट होते. १९९६ मध्ये ओडिशाच्या कलमाला पुन्हा नकार मिळाला. २००३ मध्ये कर्नाटकातल्या एका विद्यापीठाच्या बांधकामात, अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम म्हणणाऱ्या जवळजवळ त्याच धाटणीच्या कलमाला लवादाचा करार मानले गेले. २००७ मध्ये पंजाबातल्या एका कार्यारंभ आदेशातली एकच ओळ, वाद अधीक्षक अभियंत्याकडे सोपवावा आणि त्याचा निर्णय दोघांना मान्य राहील, लवादासाठी पुरेशी ठरली. शेवटी २०१३ मध्ये कर्नाटकच्या कलमांवर सविस्तर निकाल आला आणि १९८० ची पहिली भूमिका पक्की झाली. दोन्ही बाजूंचे ऐकून, पुरावा पाहून, न्यायबुद्धीने निवाडा करायचा हेतू कलमातून दिसला पाहिजे. केवळ निर्णय अंतिम म्हटल्याने लवाद होत नाही.

२०१३ चा निकाल मला योग्य वाटतो, पण तो तेहतीस वर्षे उशिरा आला. या काळात अनेकांची उमेद दावा मूळ मुद्द्यावर चालण्याआधीच, कोणत्या दारात जायचे या वादात संपली. खडक होता की मुरूम, हे तपासायला तोवर खड्डाही उघडा राहिलेला नसतो.

याला समांतर एक समजूतदार विचारही वाढत होता आणि त्याची चर्चा कमी होते. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, करार मोडला की नाही हे करारातल्याच एका पक्षाने ठरवायचे नसते. मोडल्याचे मान्य असेल तर नुकसानीचा आकडा काढण्याचा अधिकार त्याला देता येईल. २०११ मध्ये एका बांधकाम कंत्राटात हेच तत्त्व लागू झाले. उशीर कोणामुळे झाला हा प्रश्न अभियंत्याच्या ‘अंतिम’ निर्णयात बसत नाही. त्या उशिराचा दंड किती, हे फार तर बसते. दंडाच्या नोटिशीला उत्तर देताना हा फरक आजही उपयोगी पडतो.

ज्यांना खरा लवाद मिळाला, त्यांचेही दिवस सुखाचे नव्हते. १९४० च्या कायद्याखाली निवाडा कोर्टात दाखल करून त्याचा हुकूमनामा करून घ्यावा लागे, आणि प्रत्येक पायरीवर आव्हान होई. १९८१ च्या निकालातले एक निरीक्षण अजूनही सांगितले जाते: या कायद्याखालची कामकाजाची रीत पाहून वकिलांना हसू येते आणि कायद्याच्या तत्त्वचिंतकांना रडू. निवाड्यात चूक दिसली तर तो रद्द होईल, म्हणून अनेक लवाद कारणेच लिहीत नसत. अमुक रक्कम द्यावी, एवढेच लिहून मोकळे होत. १९८९ मध्ये घटनापीठाने ठरवले की केवळ कारणे नाहीत म्हणून निवाडा रद्द करता येणार नाही. जनतेच्या पैशातून कोट्यवधी द्यायचे आणि का द्यायचे ते लिहायचे नाही, याबद्दलची सरकारची तक्रार रास्त होती. १९९६ च्या नव्या कायद्याने, पक्षांनी उलट ठरवले नसेल तर, कारणे देणे बंधनकारक केले.

त्या कायद्याने कोर्टाचा हस्तक्षेपही आक्रसला होता. २००३ च्या निकालाने तो पुन्हा रुंदावला. पोलादी पाइपांच्या पुरवठ्याला उशीर झाला म्हणून कापलेल्या रकमेचा तो वाद. निवाडा उघडपणे बेकायदा असेल तर तो सार्वजनिक धोरणाविरुद्ध समजून रद्द करता येईल, असे ठरले. बांधकामाच्या निवाड्यांत करारातल्या एखाद्या कलमाचा अर्थ नेहमीच वादाचा असतो. त्यामुळे प्रत्येक निवाड्याला आव्हान द्यायला जागा मिळाली. त्यातच आव्हानाचा अर्ज दाखल होताच वसुलीला आपोआप स्थगिती मिळत असे. ऑक्टोबर २०१५ च्या दुरुस्तीने ही आपोआपची स्थगिती काढली आणि आव्हानाची कारणे आवळली. जिंकूनही पैसे न मिळालेल्या कंपन्या बँकांचे हप्ते थकवू लागल्या होत्या, म्हणून २०१६ मध्ये केंद्राने ठरवले की, निवाड्याला आव्हान असले तरी बँक हमी घेऊन ७५ टक्के रक्कम द्यावी.

२०१५ च्या दुरुस्तीचा दुसरा भाग खुर्चीबद्दल होता. तोवर सरकारी कंत्राटांत लवाद म्हणून खात्याचाच अधिकारी नेमला जाई आणि न्यायालये ते चालवूनही घेत. नव्या सातव्या परिशिष्टाने पक्षाचा नोकर, सल्लागार, सल्ला देणारा वकील अशांना अपात्र ठरवले. मग खात्यांनी कलम बदलले: वरिष्ठ अधिकारी स्वतः बसणार नाही, पण दुसऱ्याला नेमेल. २०१७ मध्ये न्यायालयाने तेही अडवले. ज्याला स्वतः बसता येत नाही, त्याला दुसऱ्याला बसवताही येत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेच तत्त्व, निकालात ज्याचे हितसंबंध गुंतले आहेत त्या कोणत्याही पक्षाने एकट्याने केलेल्या नेमणुकीला लागू झाले. लगेच पुढच्या महिन्यात मात्र रेल्वेच्या एका कंत्राटात निवृत्त रेल्वे अधिकाऱ्यांची यादी देऊन त्यातून कंत्राटदाराला नावे निवडायला लावणे चालेल, असे ठरले. चार नावे रेल्वेची, त्यातून निवड कंत्राटदाराची, आणि याला समान संधी म्हणायचे, हे पचणारे नव्हतेच. २०२४ च्या घटनापीठाने तो प्रश्न सोडवला: सरकारी उपक्रमांना यादी ठेवता येईल, पण समोरच्याला तिच्यातूनच निवडायची सक्ती करता येणार नाही. तीन सदस्यांच्या लवादांबाबत हा निकाल पुढच्या नेमणुकांना लागू केला गेला, जेणेकरून चालू प्रकरणे कोसळू नयेत.

म्हणजे खात्याचा माणूस खुर्चीतून उठवला जात होता, त्याच काळात खात्याने ती खुर्चीच हलवायला घेतली. एप्रिल २०२४ मध्ये दिल्लीच्या विमानतळ मेट्रो मार्गाच्या प्रकरणात, सरकारी मेट्रो कंपनीने खासगी कंपनीला सुमारे २,७८२ कोटी रुपये आणि त्यावरचे व्याज द्यावे, असा २०१७ चा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तोच निवाडा त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये कायम ठेवला होता. दोन महिन्यांत केंद्राच्या, सुरुवातीला सांगितलेल्या, सूचना आल्या. लवादात वेळ आणि पैसा वाचत नाही, अंतिमता मिळत नाही, अधिकाऱ्यांच्या बदल्यांमुळे प्रकरणाची माहिती असलेला माणूस सुनावणीला उरत नाही, अशी कारणे त्यात आहेत. बदल्यांचे कारण खरे आहे. पण त्यावर उपाय नोंदी नीट ठेवणे हा आहे, आणि कोर्टात गेल्याने तो अधिकारी परत येणार नाही.

लवाद नसेल तिथे वाद व्यापारी न्यायालयात जाईल. या न्यायालयांसाठीच्या २०१५ च्या कायद्यातल्या व्यापारी वादाच्या व्याख्येत बांधकाम आणि पायाभूत सुविधांची कंत्राटे, निविदांसह, आहेतच. त्याआधी मध्यस्थी करावी असे सूचना सुचवतात, आणि २०२३ चा मध्यस्थी कायदा त्यासाठी आहे. इथे एक अडचण उरते. सरकारी पक्षाच्या वादात तडजोडीवर सही करण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची लेखी संमती लागते, आणि पुढे लेखापरीक्षणात प्रश्न निघेल या धास्तीने अशी संमती सहज मिळत नाही. ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने हा पेच वेगळ्या जागी सोडवला: काम चालू असतानाच त्रयस्थ निर्णायकाकडे जायचे, त्याने २८ दिवसांत निर्णय द्यायचा, पैसे आधी द्यायचे आणि भांडण नंतर चालू ठेवायचे. सिंगापूरने २००४ मध्ये आणि मलेशियाने २०१२ मध्ये तशा वाटेचे कायदे केले. भारतात मोठ्या कंत्राटांत वाद निवारण मंडळे असतात, पण ती कराराच्या मर्जीने. त्यांचा निर्णय खात्याने मानला नाही, तर त्याच दिवशी पैसे मिळवून देणारा कायदा आपल्याकडे अजून झालेला नाही.