एंट्री मारणे

एंट्री मारणे : झालेल्या व्यवहाराची नोंद संगणकावरील हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरण्याचे काम. सोलापूरच्या बाजारपेठेत हा शब्दप्रयोग विक्रीचे बिल, बँकेचा भरणा, सुताची आवक, मागावरची मजुरी, अशा कशालाही चालतो. कीर्द-खतावणीत नोंद ‘लिहिली’ जाई. संगणकात ती शिक्क्यासारखी ‘मारली’ जाते, आणि या क्रियापदात घाई आहे तसा थोडा वैतागही आहे.

व्यवहार आधी, नोंद मागाहून, असा या कामाचा रिवाज आहे. चादरींची गाठ सकाळी टेम्पोत चढते, तिची चिठ्ठी दुपारपर्यंत तारेला टोचली जाते आणि एंट्री मारणारा माणूस येतो दोन-तीन दिवसांनी. सॉफ्टवेअर विकणारे दाखवतात ते चित्र उलटे असते : माल विकला की साठा आपोआप कमी, येणे आपोआप जास्त, आणि मालक तिरुपतीला असला तरी आकडा त्याच्या मोबाइलवर. पेठेतल्या बहुतेक तक्रारी या दोन चित्रांमधल्या अंतरातून निघतात. सॉफ्टवेअर बिघडते ते क्वचितच.

सोलापुरात हे अंतर मोठे असण्याला धंद्याची घडण कारणीभूत आहे. कापडगिरण्यांच्या काळात हिशेबाला कारकुनांचे वेगळे खाते असे. पुढे चादर आणि टॉवेलचा धंदा शहराच्या पूर्व भागात, मुख्यतः तेलुगूभाषक पद्मशाली समाजाच्या यंत्रमागांवर आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत विखुरला. आठ-दहा मागांच्या कारखान्याला पूर्णवेळ हिशेबनीस परवडत नाही. त्यातून ‘पार्ट-टाइम’वाला उभा राहिला. तो सकाळी एका कारखान्यात, दुपारी चाटी गल्लीतल्या कापड दुकानात, संध्याकाळी मार्केट यार्डात कांद्याच्या आडत्याकडे बसतो. आडतीवर अजून दिवाणजी असतात. पण दिवाणजी वही सांभाळतात आणि हा संगणक. दोघांचे आकडे जुळवायला तिसरा कोणी नसतो.

या कामाचे मुख्य साधन टॅली. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी बंगळूरमध्ये उभारलेल्या कंपनीचे हे उत्पादन. टॅली.ईआरपी ९ ही आवृत्ती २००९ मध्ये आली, टॅलीप्राइम २०२० मध्ये. त्याच वर्षी भरत गोएंका यांना पद्मश्री जाहीर झाली. पेठेत मात्र टॅली हे कंपनीचे नाव राहिलेले नाही. ते क्रियापद झाले आहे, आणि ‘टॅली होत नाही’ म्हणजे पैसा जुळत नाही. टॅली रुजण्याचे एक कारण असे की ती माउसशिवाय चालते. एफ५ दाबले की नावे पडते, एफ६ ला जमा, एफ८ ला विक्री, एफ९ ला खरेदी, आणि कंट्रोल-ए ने सगळे मान्य. सराव झालेल्याची बोटे पडद्याकडे न बघता चालतात. नव्या, दिसायला सुबक वेब-साधनांत तेच बिल करायला चार ठिकाणी टिचकी मारावी लागते, म्हणून ती साधने मालकाला आवडतात आणि एंट्री मारणाऱ्याला नकोशी होतात.

परवाना न घेता टॅली ‘एज्युकेशन मोड’मध्ये चालवता येते, पण त्यात महिन्याची १, २ आणि ३१ एवढ्याच तारखांना नोंद होते. शिकणाऱ्यांसाठी ठेवलेली ही सोय. क्लासमधून नुकताच बाहेर पडलेला मुलगा पहिल्या नोकरीत सगळा महिना १ तारखेला मारताना सापडतो, ही थट्टा अगदीच निराधार नाही.

नावांचा घोळ हा सर्वांत चिवट. मालक तेलुगू, गिऱ्हाईक कन्नड, टेम्पोवाला मराठी आणि खातेवही रोमन लिपीत. टॅलीत भारतीय भाषांची सोय आहे. वापर फारसा नाही. त्यामुळे ‘व्यंकटेश’ हे एकच नाव कोणी ‘व्ही’ने, कोणी ‘डब्ल्यू’ने मारतो, आणि एका पार्टीची दोन खाती तयार होतात. एकात येणे फुगत जाते, दुसऱ्यात आगाऊ जमा दिसते. हे वसुलीच्या फोनवरच कळते, तेही समोरचा चिडल्यावर. यूपीआयने यात भर घातली. दुकानाचे पैसे भाच्याच्या मोबाइलवरून येतात, बँकेच्या उताऱ्यात भाच्याचे नाव दिसते आणि ती रक्कम ‘सस्पेन्स’ खात्यात, म्हणजे धनी न कळलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, पडून राहते. मार्च उजाडला की सस्पेन्स खाते उघडून मालकासमोर एकेक नाव वाचले जाते. हा माझ्या मते सोलापुरी हिशेबातला सर्वांत मनोरंजक कार्यक्रम आहे : ‘हा कोण?’, ‘अहो, तो विजापूरवाल्याचा जावई.’ जावई हा रकाना अजून कोणत्याही सॉफ्टवेअरने दिलेला नाही.

मोजमापाचेही असेच. सूत किलोने येते, चादर नगाने जाते, टॉवेल डझनाने, आणि वाहतूक गाठीवर. एककांची सांगड सॉफ्टवेअरमध्ये घालता येते, पण किती किलो सुताच्या किती चादरी व्हाव्यात आणि घट किती धरावी हे विणकाम बघणाऱ्या मास्टरच्या डोक्यात असते, तेही वाणागणिक बदलते. परिणामी पडद्यावरचा साठा हा बहुतेक ठिकाणी शोभेचा असतो. गोदामात जाऊन थप्प्या मोजल्याखेरीज कोणी मोठी ऑर्डर घेत नाही.

ऑर्डरी येतात व्हॉट्सॲपवर, त्याही फोटो आणि आवाजाच्या रूपात : ‘मागच्या वेळची निळी, तीच, दोनशे.’ मागच्या वेळची निळी शोधण्याचे काम कोणत्याही स्टॉक रजिस्टरपेक्षा जुन्या गप्पा वर सरकवून लवकर होते. एक्सेलचा वापर यादीपुरता. ई-वे बिलाचा, म्हणजे माल गाडीने हलवण्यासाठी सरकारी पोर्टलवर काढायच्या कागदाचा, बारा आकडी क्रमांक त्यात उतरवला की तो दशांश चिन्ह आणि ‘ई’ घालून आखडलेला दिसतो. तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा असतो, ही युक्ती पुस्तकात नव्हे, शेजारच्या टेबलावर शिकली जाते.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि एंट्रीला मुदत आली. विक्रीचा तपशील पुढील महिन्याच्या ११ तारखेला, कराचा भरणा व ‘थ्री-बी’ हे गोषवाऱ्याचे विवरणपत्र २० तारखेला, हे बहुतेक मासिक विवरणवाल्यांचे वेळापत्रक. जानेवारीतली ११ तारीख सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेच्या तोंडावर येते. नंदीध्वजांची मिरवणूक निघायची असते आणि कर सल्लागाराकडून ‘डेटा पाठवा’ असा तिसरा निरोप आलेला असतो. दरातही मेख होती. चादरीवरचा कर तिच्या किमतीवर ठरे : नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १२. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही सीमा २,५०० रुपयांवर गेली आणि वरचा दर १८ टक्के झाला. सॉफ्टवेअरला ही सीमा सांगावी लागते. न सांगितल्यास ते बिनतक्रार चुकीचे बिल छापते.

खरी उलथापालथ केली ती ई-वे बिलाने, कारण त्याने क्रमच फिरवला : आता नोंद आधी, माल मागाहून. १ फेब्रुवारी २०१८ रोजी ही व्यवस्था देशभर सक्तीची होणार होती, पण पहिल्याच दिवशी पोर्टल कोलमडले आणि मुदत पुढे ढकलावी लागली. आंतरराज्य वाहतुकीला ती १ एप्रिलपासून, महाराष्ट्रातल्या वाहतुकीला २५ मेपासून लागू झाली. मर्यादा ५०,००० रुपयांची, त्याहून जास्त किमतीच्या मालाला बिल हवे. राज्यांतर्गत मालाला महाराष्ट्राने ती पुढे १ लाखावर नेली. जॉबवर्कसाठी, म्हणजे बाहेरून मजुरीने करून घ्यायच्या कामासाठी, राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरपर्यंत जाणारे सूत, कापड व कपडे यांना सूटही दिली. रंगाईला आणि शिलाईला दिवसातून तीनदा माल हलवणाऱ्या सोलापूरसाठी ही सूट नसती तर कारखान्यांना दारातच ऑपरेटर बसवावा लागला असता. बिलाची वैधता सुरुवातीला १०० किलोमीटरला एक दिवस होती, १ जानेवारी २०२१ पासून ती २०० किलोमीटरला एक दिवस झाली. सुमारे ३१० किलोमीटरवरच्या हैदराबादला पूर्वी चार दिवस मिळत, आता दोन.

तरी अडचण गाडीच्या नंबरापाशी येते. ट्रान्सपोर्टवाला ‘गाडी लावतो’ म्हणतो, कोणती ते रात्री नऊला कळते. पार्ट-टाइमवाला तोवर घरी गेलेला. १ एप्रिल २०२५ पासून पोर्टलवर शिरताना सर्वांनाच मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो, आणि तो मोबाइल बहुधा मालकाच्या खिशात, मालक कुठल्यातरी लग्नाच्या पंगतीत. मग फोनवरून सहा आकडे ओरडून सांगितले जातात. ढोल वाजत असेल तर दोनदा.

मोठ्यांसाठी ई-इन्व्हॉइसची पायरी यावर आहे. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असणाऱ्यांना ती १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे. बिल सरकारी पोर्टलवर जाऊन ६४ अक्षरांचा क्रमांक व क्यूआर घेऊन परतते, तेव्हाच ते पक्के. ते २४ तासांत रद्द करता येते, पण दुरुस्त करता येत नाही. ‘बिल जरा बदलून द्या’ ही गिऱ्हाइकाची सवय मोडायला व्यापाऱ्यांना सल्लागाराच्या भाषणांचा उपयोग झाला नाही, या क्यूआरचा झाला.

मागच्या तारखेची एंट्री मात्र टिकून आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची खूण ठेवणे सक्तीचे झाले. मालकी हक्काच्या आणि भागीदारीतल्या पेढ्यांना हा नियम नाही, आणि पूर्व भागातले कारखाने बहुतांशी तसेच आहेत. ज्यांनी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ केले त्यांच्याकडे लेखापरीक्षक हल्ली ती खूण उघडून पाहतो. तीत ३ तारखेचे बिल दिसते, आणि त्याच ओळीत ते मारल्याची वेळ : १९ तारीख, रात्रीचे अकरा चाळीस.