चेता-स्नायू संधी : रेणवीय जडणघडण

प्रेरक चेतापेशीच्या अक्षतंतूचे टोक स्नायुतंतूला जिथे भिडते, ती जागा म्हणजे चेता-स्नायू संधी. (मराठी विश्वकोशात ‘चेता’ऐवजी ‘तंत्रिका’ आढळते, शालेय पुस्तकांनी ‘चेता’ रुळवला, म्हणून येथे तोच घेतला आहे.) टोक आणि तंतू एकमेकांना चिकटत नाहीत. मध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते व स्नायुतंतूला वेढणारे आधारपटल (पेशीबाहेरील प्रथिनांचा पातळ थर) त्या फटीतूनच जाते. टोकातून सुटलेले ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन समोरच्या ग्राहींना (तंतूच्या पृष्ठभागावरील ते पकडणाऱ्या प्रथिनांना) बांधले गेले की तंतू आकुंचन पावतो. संधीवर या ग्राहींची दाटी चौरस मायक्रोमीटरला सुमारे १०,००० असते. थोडे बाजूला सरकले तर ती शंभरही भरत नाही. नेमक्या एवढ्याच जागी ही दाटी कशी होते, हा या नोंदीचा विषय आहे.

आधारपटलाचा पुरावा. १९७८-७९ च्या सुमारास मॅकमहान, सेन्स, मार्शल व बर्डन यांनी बेडकाच्या स्नायूवर केलेले प्रयोग या विषयाचा पाया मानावे लागतात. चेता आणि स्नायुतंतू दोन्ही नष्ट केले, आधारपटलाची रिकामी नळी तेवढी शिल्लक ठेवली. पुन्हा वाढलेले अक्षतंतू स्नायूच नसताना जुन्या संधीच्या जागी येऊन थांबले. उलट बाजूने, चेता वाढू न देता स्नायू नव्याने तयार होऊ दिला तेव्हा ग्राही जुन्याच जागी गोळा झाले. जागेची खूण पेशींत नसून त्यांच्यामधल्या पटलात टिकून असते, हा निष्कर्ष त्यातून निघाला आणि तो आजही अबाधित आहे.

ही खूण कोणत्या रेणूची, याचा शोध टॉर्पेडो या विजेच्या माशाच्या विद्युत्-अवयवात लागला, कारण तिथे अशा संध्या खच्चून भरलेल्या असतात. त्यातून वेगळ्या केलेल्या प्रथिनाला १९८७ मध्ये ‘ॲग्रिन’ नाव मिळाले. ॲग्रिन स्नायूही बनवतो. पण चेतापेशीच्या ॲग्रिनमध्ये जनुकीय संदेशाच्या वेगळ्या जोडणीमुळे अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा जास्त असतो आणि ग्राही गोळा करण्याची ताकद त्या तुकड्यामुळे येते. ॲग्रिन नसलेल्या किंवा ‘मस्क’ हे स्नायूतील टायरोसीन कायनेज (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारे विकर) नसलेल्या उंदरांत संध्या नीट बनत नाहीत व पिल्ले जन्मताच श्वासाअभावी मरतात, हे १९९६ मध्ये दिसले. अडचण एकच उरली : ॲग्रिन मस्कला थेट बांधलेच जात नव्हते. मधला दुवा स्नायूच्या पृष्ठभागावरील एलआरपी-४ हे प्रथिन असल्याचे २००८ मध्ये दोन गटांनी दाखवले. आता मान्य असलेला क्रम असा : चेतेचे ॲग्रिन एलआरपी-४ ला धरते, एलआरपी-४ मस्कला जागे करते, पेशीच्या आतून डॉक-७ हे प्रथिन (२००६ मध्ये ज्ञात) मस्कला साथ देते आणि शेवटी रॅप्सिन हे आणखी एक प्रथिन ग्राहींना एकत्र बांधून ठेवते. रॅप्सिन नसेल तर वरचे सगळे रेणू जागेवर असूनही ग्राही विखुरलेलेच राहतात.

आधी कोण? सुरुवात चेता करते असे दीर्घकाळ मानले जाई. १९७० च्या दशकातील पेशीसंवर्धनात वाढणारे अक्षतंतू स्नायूवर आधीच असलेले ग्राहींचे पुंजके सोडून नवी जागा तयार करत, हा त्या मताचा मुख्य आधार होता. २००१ मध्ये मात्र चेता पोहोचलीच नाही अशा उंदरांच्या भ्रूणांतही स्नायूच्या मध्यपट्ट्यात पुंजके जमलेले आढळले. त्यासाठी मस्क लागते, ॲग्रिन लागत नाही. म्हणजे स्नायू स्वतः आराखडा काढतो. सोलापुरी चादरीची नक्षी धोटा फिरण्याआधीच मागावरील जेकार्ड यंत्राच्या पुठ्ठ्यांत भोकांनी पक्की झालेली असते. स्नायूचा आराखडा इतका पक्का नसतो. ॲसिटिलकोलीन स्वतःच पुंजके विस्कटते आणि ॲग्रिनचे संरक्षण मिळालेले तेवढे वाचतात. ॲग्रिन व ॲसिटिलकोलीन दोन्ही नसलेल्या उंदरांत पुंजके टिकून राहिले (२००५), ही या मताची सर्वांत बळकट साक्ष. तेव्हा ॲग्रिनचे काम पुंजके घडवण्यापेक्षा ते राखण्याचे अधिक, असे म्हणणे पुराव्याला धरून होईल. न्यूरेग्युलिन या चेतेकडून येणाऱ्या दुसऱ्या संकेत-प्रथिनाला एके काळी मिळालेले मानाचे स्थान मात्र त्याचे स्वतःचे ग्राही स्नायूतून काढूनही संध्या बऱ्यापैकी बनल्यामुळे उतरले आहे.

पुढील वाढ. जन्मावेळी एका संधीवर अनेक अक्षतंतू असतात; उंदरात सुमारे दोन आठवड्यांत एकच उरतो. ग्राहीतील गॅमा उपघटकाची जागा एप्सिलॉन घेतो.

विकार. मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या विकारात शरीराची स्वतःची प्रतिपिंडे बहुधा ग्राहींवर, काहींत मस्कवर (२००१ पासून ज्ञात) हल्ला करतात. डॉक-७ च्या जन्मजात दोषात नेहमीचे पायरिडोस्टिग्मिन (ॲसिटिलकोलीनचे विघटन रोखणारे औषध) दिल्यास अशक्तपणा वाढू शकतो. तिथे साल्ब्युटामॉल किंवा एफेड्रिन उपयोगी पडते. म्हणून कोणता रेणू बिघडला हे आधी कळणे महत्त्वाचे.

सोलापूर परिसरातील संदर्भ. या भागात संधीचा विषय रुग्णालयात येतो तो मुख्यतः मण्यारीच्या दंशातून. सर्पदंशाला गावाकडे ‘पान लागणे’ म्हणतात. रानातल्या वस्तीवर जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री दंश होतो. तो फारसा दुखत नाही आणि पहाटे पोटात कळ येऊन पापण्या मिटू लागतात. शहरातील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले. योगायोगाने त्याच वर्षी तैवानमध्ये चांग व ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळे केले. ते ॲसिटिलकोलीनच्या ग्राहींना घट्ट चिकटते, म्हणून पुढे ग्राही मोजण्याचे व पाहण्याचे मुख्य साधन तेच ठरले.

नागाचे चेताविष मुख्यतः ग्राही अडवते, त्यामुळे पायरिडोस्टिग्मिनच्याच जातीच्या निओस्टिग्मिनचा उपयोग होतो. मण्यारीच्या विषातील बीटा-बंगारोटॉक्सिन जातीचे घटक अक्षतंतूचे टोकच नष्ट करतात. तिथे निओस्टिग्मिन सहसा चालत नाही आणि प्रतिविष रक्तातले विष निकामी करते, मोडलेले टोक जोडत नाही. रुग्ण हलत नाही, डोळे उघडत नाही, तरी आतून जागा असू शकतो. नातेवाइकांनी आशा सोडू नये, हे इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. अनेक दिवस कृत्रिम श्वासावर ठेवल्यास टोके पुन्हा वाढतात. स्नायू आणि आधारपटल शाबूत असल्यामुळे ती भलतीकडे न जाता जुन्याच जागी परततात.