एचडीजी की नॅव्ह? ऑटोपायलट नेमकं कोणाचं ऐकतो

फ्लाइट प्लॅन व्यवस्थित भरला, पडद्यावर गुलाबी रेघ दिसते आहे, वर गेल्यावर ऑटोपायलटचं 'एपी' बटणही दाबलं. तरी विमान आपलं सरळ समुद्रावर चाललंय. संगणकावर विमान उडवायचा फ्लाइट सिम्युलेटर नवीन घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाची ही पहिली तक्रार असते, आणि बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरचा नसतो. प्लॅन भरणं आणि तो प्लॅन पाळायला ऑटोपायलटला सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. नुसतं 'एपी' दाबलं तर सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या जी१००० या पडद्याच्या वरच्या पट्टीवर डावीकडे 'आरओएल' आणि उजवीकडे 'पीआयटी' उमटतं. म्हणजे पंख आणि नाक आहेत तसे धरून ठेवतो, बाकी काही नाही. जायचं कुठे, हे अजून त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

सांगायच्या दोन तऱ्हा: एचडीजी (हेडिंग, म्हणजे नाकाची दिशा) आणि नॅव्ह (नॅव्हिगेशन, म्हणजे ठरलेली वाट). बटणं शेजारीशेजारी, आणि वारा नसताना दोन्हींचा परिणाम इतका सारखा दिसतो की फरक कळायला बराच वेळ जातो. रिक्षावाल्याला 'सरळ घ्या' म्हणणं आणि 'स्वारगेटला घ्या' म्हणणं यात जो फरक, तोच इथे.

एचडीजी ऐकतं ते हेडिंग बगचं. कंपासच्या कडेवर फिरणारी ती निळसर खूण जिथे, तिकडे विमानाचं नाक. प्लॅन भरलाय की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आणि वाऱ्याशीही नाही.

हे वाऱ्याचं प्रकरण एकदा करून बघण्यासारखं आहे. सिममध्ये मुंबई ते पुणे घ्या, विमानतळांच्या कोडमध्ये व्हीएबीबी ते व्हीएपीओ, सरळ रेषेत साधारण ६७ नॉटिकल मैल, दिशा ११७ अंशांच्या आसपास. सह्याद्री आरामात खाली राहावा म्हणून ७५०० फूट. हवामानात पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा स्वतःच लावा: २४० अंशांवरून २५ नॉट. आता बग ११७ वर ठेवून एचडीजीवर सोडून द्या. ११५ नॉटच्या वेगाने अर्ध्या तासात पुण्याच्या बरोबरीला याल खरे, पण विमानतळ उजवीकडे सुमारे ११ मैलांवर राहिलेला असेल आणि तुम्ही चाकण-शिक्रापूरच्या बाजूला कुठेतरी असाल. नाक पूर्ण वेळ ११७ वरच होतं. ऑटोपायलटने सांगितलेलं काम चोख केलं.

हाच प्रवास नॅव्हवर करा. रेघ ११७ चीच, पण नाक १२७ च्या आसपास जाऊन बसतं, वाऱ्याकडे थोडं तोंड करून, आणि विमान तिरकं तिरकं रेघेवरूनच जातं. नवखा माणूस हे बघून घाबरतो आणि बग फिरवायला लागतो. फिरवा हवा तेवढा. नॅव्ह चालू असताना बगकडे कोणी बघतच नाही.

पण नॅव्ह थेट प्लॅनचंही ऐकत नाही, ते ऐकतं सुईचं. मधल्या डायलवरची सुई गुलाबी असेल तर जीपीएस, म्हणजे तुमचा प्लॅन. सुई कशाचं ऐकेल ते बदलणारं खालचं 'सीडीआय' बटण चुकून दाबलं गेलं आणि सुई हिरवी झाली, की नॅव्ह रेडिओवर लावलेल्या व्हीओआरमागे, म्हणजे जमिनीवरच्या दिशादर्शक रेडिओ केंद्रामागे जाणार. प्लॅन तसाच पडद्यावर, विमान दुसरीकडे. त्यामुळे नॅव्ह दाबण्याआधी सुईचा रंग बघायचा, ही सवय मी तरी सगळ्यात वर ठेवेन.

दुसरी खाच जास्त फसवी आहे. सुई मध्यापासून एका ठिपक्याहून लांब असताना नॅव्ह दाबलं तर ते लगेच चालू होत नाही, नुसतं तयारीत राहतं. पट्टीवर एचडीजी हिरव्या अक्षरांत, शेजारी नॅव्ह पांढऱ्या अक्षरांत. हिरवं ते चालू, पांढरं ते वाट बघतंय. बग रेघेला छेद देईल असा ठेवला असेल तर रेघ जवळ आल्यावर पांढरं हिरवं होतं आणि विमान आपोआप वळतं. बग रेघेला समांतर किंवा तिच्यापासून दूर जाणारा असेल, तर ते पांढरं नॅव्ह पांढरंच राहणार, इंधन संपेपर्यंत.

ही केवळ सिममधली गंमत नाही. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे बोइंग ७४७ अँकरेजहून सोलला जात होतं. वाट आयएनएस या, स्वतःच्या हालचालीवरून जागा मोजणाऱ्या यंत्रणेत भरलेली होती. तरी अँकरेज सोडल्यावर थोड्याच वेळात विमान २४५ अंशांचं चुंबकीय हेडिंग धरून ठरल्या वाटेच्या उत्तरेला सरकत गेलं. वैमानिक ठरलेले बिंदू ओलांडल्याचं कळवत राहिले, आणि विमान कामचात्कावरून पुढे साखालीनवर गेलं. तिथे सोव्हिएत सु-१५ ने ते पाडलं. २६९ माणसं गेली. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १९९३ च्या अहवालाने दोनच शक्यता मांडल्या: ऑटोपायलट हेडिंगवरच राहिला, किंवा आयएनएसकडे वळवला तेव्हा विमान वाटेपासून इतकं लांब गेलं होतं की यंत्रणेला ती पकडताच आली नाही. ती मर्यादा ७.५ मैलांची होती. म्हणजे आपलं तेच पांढरं नॅव्ह. या घटनेनंतर महिन्याभराच्या आत अमेरिकेने जीपीएस तयार झाल्यावर नागरी विमानांनाही खुलं करू असं जाहीर केलं. आज जी गुलाबी रेघ आपण गृहीत धरतो तिची एक मुळी तिथे आहे.

मग एचडीजी वापरायचंच कशाला? कारण एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, 'उजवीकडे वळा, हेडिंग २१०' म्हणतं तेव्हा प्लॅनचा उपयोग शून्य. ढग चुकवायचा, उड्डाणानंतर रेघेकडे यायचं, तेव्हाही तेच. फक्त एचडीजी दाबण्याआधी बगचा नॉब एकदा आत दाबून घ्या, म्हणजे बग सध्याच्या दिशेवर येतो. नाहीतर तो आधीच्या कुठल्यातरी आकड्यावर पडलेला असतो आणि विमान एकदम कलंडतं. बराच वेळ एचडीजीवर काढून नॅव्हवर परतताना प्लॅनमधला चालू टप्पा मागे राहिलेला नाही ना, हेही बघा. राहिला असेल तर विमान मागे वळायला बघतं. तेव्हा पुढचा बिंदू निवडून 'डायरेक्ट टू', म्हणजे थेट तिकडे जा, द्यायचं.

मोठ्या विमानांत नावं बदलतात. बोइंगमध्ये एचडीजी सिलेक्ट आणि एलनॅव्ह. एअरबसमध्ये एकच नॉब: बाहेर ओढला तर तुमचं हेडिंग, आत दाबला तर प्लॅन. तिथे तयारीतलं अक्षर पांढरं नसून निळं असतं.

उंचीचं मात्र या दोघांपैकी कोणीच बघत नाही, दोघांचा कारभार डावी-उजवीपुरता. नॅव्हवर ठेवलेलं विमान ७५०० फुटांवरूनच पुणे ओलांडून पुढे निघून जाईल. खाली यायला उंचीचा नॉब आणि व्हीएस (ठरावीक दराने चढ-उतार) किंवा एफएलसी (ठरावीक वेग राखून चढ-उतार) लागतं, आणि आयएलएस, म्हणजे धावपट्टीवर उतरवणारे रेडिओ संकेत, पकडायचं असेल तर एपीआर (अप्रोच) बटण. तिथे नॅव्ह दाबलंत तर विमान धावपट्टीच्या रेषेत सुरेख येतं, पण ग्लाइडस्लोप, म्हणजे उतरायची तिरकी वाट, डोक्यावरून... नाही, पोटाखालून निघून जातो.