समुपदेशकाच्या फोनातला लखोटा

"उद्या पाचऐवजी सहाला आलं तर चालेल का?" हा संदेश कोणीही वाचला तरी त्यात गुपित असं काही नाही. पण तो एका मानसोपचारतज्ज्ञाच्या नंबरवर गेला आहे हे कळलं, की कळायचं ते सगळं कळलं. इतर बहुतेक व्यवसायांत पत्रातला मजकूर जपायचा असतो. स्वतंत्र प्रॅक्टिस करणाऱ्या समुपदेशकाच्या बाबतीत लखोट्यावरचं नावही तितकंच जपावं लागतं. म्हणून "आमचं ॲप एन्क्रिप्टेड आहे, त्यामुळे काळजी नाही" हे अर्धंच खरं आहे. एन्क्रिप्शन, म्हणजे संदेश कूटबद्ध करणं, मजकूर झाकतं आणि ते काम फार उत्तम करतं. लखोटा मात्र बराचसा उघडा राहतो.

लखोटा म्हणजे कोणी, कोणाला, केव्हा आणि किती वेळ फोन केला याची नोंद. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ८०० हून अधिक स्वयंसेवकांच्या अशा नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. संभाषणाचा एक शब्दही त्यांच्याकडे नव्हता. तरीही हृदयरोग विभाग, प्रयोगशाळा, औषधांचं दुकान आणि हृदयाचे ठोके नोंदवणाऱ्या यंत्राची हेल्पलाइन एवढ्या कॉलवरून एका व्यक्तीचा आजार ओळखता येत होता. दर मंगळवारी ठरल्या वेळी एकाच समुपदेशकाला जाणारा कॉल याहून बोलका असतो.

आधी एसएमएस. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला आणि त्याची मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. तुमचा फोन आणि टॉवर यांच्यातला रेडिओचा टप्पा सहसा कूटबद्ध असतो. पण पुढे कंपनीच्या जाळ्यात संदेश उघडा होतो. तिथे संदेश-केंद्र नावाचा सर्व्हर तो वाचता येईल अशा रूपात साठवतो आणि समोरचा फोन सापडला की पुढे ढकलतो. कंपन्यांची जाळी एकमेकांशी बोलतात ती बऱ्याच अंशी एसएस-७ या १९७० च्या दशकात आखलेल्या पद्धतीने. या जाळ्यात फक्त विश्वासू दूरध्वनी कंपन्याच असतील असं तिच्यात गृहीत धरलेलं आहे. २०१७ मध्ये जर्मनीत याच वाटेने बँकांचे एसएमएस कोड वळवून खात्यांतून पैसे काढले गेले. साधा व्हॉइस कॉलही टॉवरच्या पलीकडे कंपनीला उघडाच असतो. शिवाय तो बिलाच्या तपशिलात उतरतो, आणि बिल घरातलं दुसरं कोणी भरत असेल तर तिथेच लखोटा वाचला जातो. ॲपवरून केलेला कॉल बिलात फक्त डेटा म्हणून दिसतो.

इथे एक चूक नेहमी होते. आयफोनवर आयमेसेज, म्हणजे ॲपलचा स्वतःचा कूटबद्ध संदेश, जात नसेल, तर फोन तोच मजकूर साधा एसएमएस म्हणून पाठवू शकतो. "टेक्स्ट मेसेज म्हणून पाठवा" हा पर्याय बंद केला की तसं होत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. जाळं उघडं आहे, मधला सर्व्हर सगळं पाहतो, दोघांनी आधी काही गुपित ठरवलेलं नाही. तरीही मजकूर कूटबद्ध करणारी आणि उलगडणारी सारखी किल्ली दोघांकडे कशी तयार होते? व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये हे दाखवून दिलं. गुणाकार आणि बाकी एवढं येत असेल तर कागदावर करून पाहता येतं.

दोघं उघडपणे दोन संख्या ठरवतात: २ आणि २९. समुपदेशक मनात ११ धरतो. २ चा ११ वा घात २०४८, त्याला २९ ने भागून बाकी १८. हे १८ तो उघड पाठवतो. क्लायंट मनात ७ धरते. २ चा ७ वा घात १२८, बाकी १२. हे १२ ती उघड पाठवते. आता समुपदेशक आलेल्या १२ चा ११ वा घात घेऊन २९ ने भागतो: बाकी १७. क्लायंट आलेल्या १८ चा ७ वा घात घेऊन २९ ने भागते: बाकी १७. किल्ली १७, आणि ती तारेवरून कधी गेलीच नाही. दोघांनीही २ चा ७७ वा घातच काढला, फक्त वेगवेगळ्या क्रमाने. मध्ये बसलेल्याला २, २९, १८ आणि १२ दिसले. १८ वरून ११ शोधायचे तर एकेक घात करून पाहावा लागेल. २९ साठी ते दोन मिनिटांचं काम आहे. सिग्नलसारख्या कूटबद्ध संदेशांच्या ॲपमध्ये २९ च्या जागी २ चा २५५ वा घात वजा १९ ही ७७ अंकी मूळ संख्या असते आणि साध्या घातांच्या जागी एका वक्रावरच्या बिंदूंची बेरीज. तिथे एकेक करून पाहायला विश्वाचं वयही पुरणार नाही.

पण एकच किल्ली वर्षभर वापरली आणि कधी तरी ती चोरीला गेली, तर वर्षभराचा पत्रव्यवहार उघडेल. त्यावर ट्रेव्हर पेरिन आणि मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०१३ मध्ये जी रचना केली तिला डबल रॅचेट म्हणतात. रॅचेट म्हणजे सायकलच्या मागच्या चाकातलं टकटक वाजणारं दातेरी चक्र: एका दिशेला फिरतं, उलट फिरायला गेलं की खटका अडवतो. इथे खटक्याचं काम हॅश करतो, म्हणजे असं गणित जे सरळ करायला सोपं आणि उलटं करणं अशक्यप्राय. दोघांकडे एक साखळी-किल्ली असते. तिला १ हा आकडा जोडून हॅश काढला की या संदेशाची किल्ली मिळते. २ जोडून काढला की पुढची साखळी-किल्ली मिळते. मग जुनी साखळी-किल्ली पुसून टाकतात, आणि संदेश उलगडला की त्याची किल्लीही. त्यामुळे आज कोणी फोनातून चालू किल्ली उचलली, तरी तिच्यावरून कालची काढता येत नाही.

हे झालं पहिलं चक्र. त्यात एक उणीव राहते: आजची किल्ली मिळाली की उद्याची, परवाची, पुढच्या सगळ्या निघतात. ती दुसरं चक्र भरून काढतं. संभाषणाची दिशा बदलली, म्हणजे समोरून उत्तर आलं, की त्या उत्तरासोबत १८ किंवा १२ सारखी एक ताजी उघडी संख्या येते आणि डिफी-हेलमनचा खेळ नव्याने होऊन साखळी नव्या गुपितापासून सुरू होते. चोर एकदाच आत येऊन गेला असेल, तर दोन-चार प्रश्नोत्तरांत संभाषण आपोआप बरं होतं. जखम झाल्यावर स्वतः भरून येणारं कुलूप माणसाने बनवलं आहे, याचं कौतुक करावं तेवढं थोडं. व्हॉट्सॲपही २०१६ पासून हीच रचना वापरतं. टेलिग्रामचे साधे चॅट मात्र असे टोकापासून टोकापर्यंत, म्हणजे फक्त दोन फोनांनाच उघडता येतील असे, बंद नसतात, फक्त त्यातले सीक्रेट चॅट असतात.

हे समजलं की दोन प्रकारच्या बोलण्यावरचा विश्वास उडतो. एक, "मिलिटरी दर्जाचं एन्क्रिप्शन" ही जाहिरात. या जाहिरातीमागे सहसा एईएस ही कूटबद्ध करण्याची पद्धत असते; ते २००१ पासूनचं जाहीर मानक आहे आणि साध्या वेबसाइटही ते वापरतात. थेरपिस्टसाठी खास म्हणून महाग ॲप विकणाऱ्याला किल्ली कोणाकडे असते एवढंच विचारावं. दोन, व्हॉट्सॲपवर तिसरी टिक आली म्हणजे सरकारने संदेश वाचला, ही फिरणारी अफवा. किल्ली फोनातच तयार होत असेल, तर मधल्या कोणाच्या वाचण्याची खूण उमटणार तरी कशी?

खरी फट गणितात एकाच ठिकाणी आहे. १२ हा आकडा क्लायंटकडूनच आला, की मध्ये बसलेल्याने स्वतःचा घुसवला? गणित हे सांगू शकत नाही. त्यासाठी सिग्नल आणि व्हॉट्सॲपमध्ये प्रत्येक संभाषणाला ६० अंकी क्रमांक आणि क्यूआर कोड असतो. दोन्ही फोनांवर तो सारखा असेल तर मध्ये कोणी नाही. एरवी लोक हे करत नाहीत, कारण दोघं एका जागी नसतात. समुपदेशकाचा क्लायंट बहुधा पहिल्याच भेटीत समोर बसलेला असतो, त्यामुळे कोड स्कॅन करायला अर्धा मिनिट पुरतो. व्हॉट्सॲपमध्ये हा क्रमांक बदलल्याची सूचना सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. सूचना आली तर बहुतेक वेळा क्लायंटने फोन बदललेला किंवा ॲप पुन्हा टाकलेलं असतं. पण नंबर दुसऱ्याच्या सिमवर गेला तरी हीच सूचना येते. म्हणून आधी कॉल करून आवाज ओळखावा, पुढच्या भेटीत पुन्हा स्कॅन करावा, आणि तोवर वेळेपलीकडचं काही लिहू नये. स्वतःच्या खात्याला ॲपमधला पिन लावला, तर सिम हातात घेणाऱ्याला तेवढ्यावर खातं मिळत नाही.

असा कूटबद्ध मजकूर सहसा तारेवर फुटत नाही, तो जिथे पडून राहतो तिथे फुटतो. फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार संस्थेच्या हजारो रुग्णांना ऑक्टोबर २०२० मध्ये थेट धमक्या आल्या: पैसे द्या, नाहीतर तुमच्या नोंदी जाहीर करू. त्या नोंदी सर्व्हरवरून चोरल्या होत्या. समुपदेशकाच्या फोनात अशी पडून राहण्याची पहिली जागा म्हणजे क्लाउड बॅकअप. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला टोकापासून टोकापर्यंतचं कुलूप २०२१ पासून आहे, पण ते आपण लावायचं असतं. न लावल्यास दोन्ही चक्रांनी जपलेला मजकूर क्लाउड खात्यात त्या कुलपाशिवाय पडून राहतो. क्लायंटच्या बाजूलाही तसंच असू शकतं, म्हणून हे बोलून घ्यावं लागतं. "जोडलेली उपकरणं" ही यादी महिन्यातून एकदा उघडून पाहावी. घरातल्या सामायिक लॅपटॉपवर कधी तरी स्कॅन केलेलं खातं तिथे सापडतं.

मग लॉकस्क्रीन. क्लायंटच्या गुप्ततेला धोका दूरच्या हॅकरपेक्षा शेजारी बसलेल्या माणसाकडून जास्त असतो. नोटिफिकेशनमध्ये मजकूर आणि नाव दोन्ही लपवावं. मनगटावरचं घड्याळ आणि गाडीतला ब्लूटूथ तपासावा, कारण गाडी अनेकदा संपर्कयादी आणि कॉलची यादी स्वतःकडे उतरवून घेते. पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या नंबरवर फोन करायचा, तो फोन आणखी कोण उघडतं, आणि व्हॉइसमेल ठेवला तर चालेल का. उत्तर "नाही" असेल तर निरोप ठेवायचाच नाही.

संपर्कयादीचं प्रकरण वेगळं. एका मानसोपचारतज्ज्ञाचे रुग्ण फेसबुकवर एकमेकांना "ओळखीचे असू शकतील" म्हणून सुचवले जात असल्याची बातमी २०१६ मध्ये आली होती. अनेकांच्या फोनात एकच नंबर असेल, तर त्यांना जोडणारा दुवा काढणं संगणकाला मुळीच अवघड नाही. म्हणून कामासाठी वेगळा नंबर आणि शक्यतो वेगळा फोन ठेवावा, त्यावर समाजमाध्यमं नसावीत, कोणत्याही ॲपला संपर्कयादीची गरजेपलीकडे परवानगी नसावी, आणि नावांऐवजी आद्याक्षरं असावीत.

आवाजाबद्दल एक सुंदर निरीक्षण. २००८ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की इंटरनेट कॉल कूटबद्ध असला तरी आवाजाचा कोडेक, म्हणजे आवाज दाबून डेटात बदलणारा प्रोग्राम, बोलण्यानुसार डेटाची पाकिटं लहान-मोठी करत असेल, तर नुसत्या पाकिटांच्या लांबीवरून काही वाक्प्रचार ओळखता येतात. पाकिटं एकाच मापाची ठेवणं हा त्यावरचा उपाय.

फोन हरवण्याचा हिशेब साधा आहे. ४ अंकी पिनच्या १०,००० शक्यता, ६ अंकीच्या १० लाख. प्रत्येक प्रयत्नाला ८० मिलिसेकंद धरले तर पहिल्या संपायला साधारण १३ मिनिटं, दुसऱ्या संपायला २२ तास. फोन चुकीच्या प्रयत्नांनंतर थांबायला लावतो म्हणून प्रत्यक्षात वेळ वाढतो, पण अक्षरं मिसळलेला पासवर्ड असेल तर त्या थांबण्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

संदेश आपोआप पुसले जाण्याची मुदत आठवड्याची ठेवणं सोयीचं. त्याआधी उपचाराशी संबंधित काही आलं असेल, विशेषतः जिवाच्या धोक्याचा उल्लेख, तर तारीख आणि वेळेसह ते त्याच दिवशी केसच्या नोंदीत उतरवून घ्यावं. स्क्रीनशॉट काढू नये. तो गॅलरीत जातो, आणि गॅलरी क्लाउडवर.