घरात किती दिवसांचा साठा असावा? आकड्यांमागची पार्श्वभूमी

युरोपातल्या २७ देशांसाठी मार्च २०२५ मध्ये आपत्कालीन तयारीचं सामायिक धोरण जाहीर झालं. प्रत्येक घराने निदान ७२ तास बाहेरच्या मदतीशिवाय निभावून न्यावेत, या अपेक्षेची सर्वांत जास्त चर्चा झाली. पुढच्याच महिन्यात, २८ एप्रिलला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली. कार्डं चालेनात, लिफ्ट अडकल्या, मोबाइलचं नेटवर्क कोलमडलं आणि लोक रोख पैसे अन् बॅटरीवरचे रेडिओ शोधत फिरू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वीज बहुतेक सगळीकडे परत आली होती. म्हणजे ७२ तासांच्या जेमतेम चौथ्या हिश्शात एवढी तारांबळ उडाली. मग ७२ तास पुरेसे आहेत का, आणि मुळात हा आकडा ठरला कशावरून?

फार मागे जायची गरज नाही. साठवण हे घरातलं नेहमीचंच काम होतं. हवाबंद डब्या-बाटल्यांत अन्न टिकवण्याची रीत १८१० मध्ये फ्रान्समधल्या एका मिठाईवाल्याने प्रसिद्ध केली, फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीचं पेटंट अमेरिकेत १८५८ मध्ये निघालं, आणि घरोघरची साठवण सोपी झाली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मात्र फ्रीज आणि सुपरमार्केटने हे काम घराकडून हळूहळू काढून घेतलं. पुढे बारकोड आला (दुकानात तो पहिल्यांदा वाचला गेला १९७४ मध्ये) आणि विकेल तेवढंच, लागेल तेव्हा मागवायची पद्धत रूढ झाली. आधी घरातलं कोठार रिकामं झालं, मग दुकानामागचं गोदामही आटलं. शिवाय फ्रीज विजेवर अवलंबून. दार बंद ठेवलं तरी वीज गेल्यावर त्यातला गारवा सुमारे चार तासच टिकतो. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस काढतो. आज सरकारं जी तयारी ठेवा म्हणून सांगतात, ती याच व्यवस्थेत मोडीत निघाली होती, हे त्यांच्या पत्रकांत सांगितलेलं सहसा दिसत नाही.

साठा करणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची सवयही जुनी आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, ब्रिटनने गरजेपेक्षा जास्त अन्न घरात ठेवणं गुन्हा ठरवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ च्या उन्हाळ्यात, त्याच देशाच्या सरकारी पत्रकात म्हटलं होतं की परवडत असेल तर न नासणाऱ्या जिनसांचा थोडा जास्तीचा साठा करून ठेवायला हरकत नाही. पण एकदा संकट सुरू झालं की नेहमीपेक्षा जास्त खरेदी करू नका. यातला फरक वेळेचा आहे. दुकानं भरलेली असताना घेतलेल्या वस्तूची भरपाई पुन्हा होते, टंचाईत घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या घरातून कमी होते. मार्च २०२० मध्ये रिकाम्या झालेल्या फळ्यांसमोर उभं राहून तयारी करणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हा भेद लक्षात घेतला नाही. आधीच साठा असलेली घरं त्या आठवड्यात रांगेत नव्हती.

दिवसांचे आकडे खऱ्या अर्थाने गाजले ते शीतयुद्धात. १९५० च्या दशकात अमेरिकेत सात दिवसांच्या साठ्याची मोहीम चालली. १९६१ च्या जुलैमध्ये तिथल्या अध्यक्षांनी दूरचित्रवाणीवरून नागरी संरक्षणाचा विषय काढला, त्यानंतर अणुहल्ल्यापासून बचावासाठी घरगुती आसरे बांधण्याची लाट आली आणि साठ्याचा आकडा दोन आठवड्यांवर गेला. १९८० मध्ये ब्रिटनच्या सरकारी पुस्तिकेतही चौदा दिवसच होते. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. अणुस्फोटानंतर तासाभराने जेवढा किरणोत्सर्ग असेल, त्याचा साधारण दहावा हिस्सा सात तासांनी उरतो, शंभरावा दोन दिवसांनी आणि हजारावा दोन आठवड्यांनी. बाहेर पडणं कधी शक्य होईल, यावरून साठा ठरला होता. त्या आसऱ्यांनी किती जीव वाचले असते यावर वाद घालता येईल, पण चौदा हा आकडा कुठून आला ते तरी सांगता येतं.

७२ तासांचं तसं नाही. या एकाच आकड्यात दोन वेगळे हिशोब मिसळले आहेत, आणि सगळा गोंधळ तिथे आहे.

पहिला हिशोब शोध आणि सुटकेचा. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला. पहिल्या दिवशी ढिगाऱ्यातून बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोक जिवंत होते. दुसऱ्या दिवशी हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आलं आणि चौथ्या दिवशी ५ टक्क्यांवर. म्हणून पहिले तीन दिवस गाडल्या गेलेल्यांचे. बचाव पथकं, रस्ते, रुग्णवाहिका सगळं त्यांच्यासाठी मोकळं हवं, आणि ज्यांना इजा झालेली नाही त्यांनी तेवढा काळ कुणाकडे पाणीसुद्धा मागू नये. २०११ च्या भूकंपात टोकियो परिसरात पन्नास लाखांहून अधिक लोक घरी पोहोचू न शकल्याने अडकले. त्यानंतर २०१३ मध्ये तिथे नियम आला: कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना लगेच घरी सोडू नये आणि त्यांच्यासाठी तीन दिवसांचं अन्नपाणी ठेवावं. कारण तेच, रस्ते मोकळे राहावेत. इथे तीन दिवस म्हणजे मदत येण्याची मुदत नव्हे. सुखरूप असलेल्यांनी मदतीच्या वाटेतून बाजूला राहण्याचा तो काळ आहे.

दुसरा हिशोब मदत पोहोचण्याचा. तीन दिवसांत यंत्रणा तुमच्या दारापर्यंत येईल, तोवर तुम्ही सांभाळा. कॅनडाने २००६ च्या सुमारास हाच संदेश घरोघर नेला, फिनलंडनेही ७२ तासांचीच मोहीम चालवली. नागरिकाच्या कानाला हे वचन वाटतं, आणि अनेकदा ते पाळलं गेलेलं नाही. ऑगस्ट २००५ च्या अखेरीस कॅटरिना वादळ न्यू ऑर्लिन्सवर आलं, तेव्हा मदतीचा मोठा ताफा शहरात शिरायला चार दिवस लागले. २०१७ मध्ये मारिया वादळानंतर प्वेर्तो रिकोतल्या शेवटच्या घरांना वीज मिळायला जवळपास वर्ष गेलं. पहिला हिशोब प्रामाणिक आहे. दुसऱ्याला मी आशा म्हणेन, आणि आशेवर घरातल्या पाण्याचं मोजमाप ठरू नये.

आकडे वाढत गेले ते या अनुभवांतून. जपानमध्ये २०१३ पासून मोठ्या भूकंपाच्या पट्ट्यासाठी तीनऐवजी सात दिवस सुचवले जातात. अमेरिकेच्या वायव्येकडची वॉशिंग्टन आणि ओरेगन ही राज्यं दोन आठवडे सांगतात, कारण तिथल्या अपेक्षित भूकंपात किनाऱ्याकडे जाणारे पूल टिकतील याची खात्री नाही. नॉर्वेने २०१८ मध्ये तीन दिवस सांगितले होते, २०२४ मध्ये आठवडा केला. स्वीडनमध्येही आठवडाच आहे. या सगळ्यांत जर्मनीचा निर्णय सर्वांत वादग्रस्त ठरला. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या आराखड्यात दहा दिवसांचं अन्न आणि पाच दिवसांचं पाणी असं आलं. सरकार विनाकारण घबराट पसरवतंय, असा आरोप विरोधकांनी केला. तीच शिफारस आता तिथे दहा दिवस उत्तम, निदान तीन तरी हवेतच, अशी मांडली जाते. आकडा फारसा हलला नाही, मात्र पेलणार नाही म्हणून कुणी सुरुवातच करू नये असं होऊ नये, म्हणून खालची पायरी जोडली. हा बदल मला योग्य वाटतो.

अडचण जागेची आणि वजनाची आहे. माणशी दिवसाला तीन लिटर पाणी धरलं, तर चौघांच्या घराला तीन दिवसांचे ३६ लिटर होतात, आठवड्याचे ८४. वीस लिटरचा भरलेला कॅन वीस किलोंहून जड असतो. वयस्क माणूस तो उचलून खालून वर आणू शकत नाही. आठवड्यासाठी असे चार कॅन आणि वर थोडं. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने ते ठेवायचे कुठे? अन्नाचा प्रश्न त्यामानाने सोपा. नेहमीच्या वापरातलं दोन-चार नग जास्त आणायचं, जुनं आधी वापरायचं आणि संपेल तसं पुन्हा भरायचं, ही फिरत्या साठ्याची पद्धत जपानमध्ये रुजली आहे. तिला वेगळी खरेदी लागत नाही आणि माल वायाही जात नाही. पाण्याची मात्र जागा अडतेच. म्हणून लहान घरात वीसच्या एका कॅनऐवजी दोन-दोन लिटरच्या बाटल्या भरून पलंगाखाली, कपाटामागे, जिथे वीतभर फट मिळेल तिथे आडव्या सरकवतात, झाकण घट्ट आहे ना ते आधी पाहून.